मेखा विसरलेली राहुटी

मी तंजावरची. आमच्या पूर्वजांना तिथं येऊन साडेतीनशे वर्षं होत आली, तेव्हा माझ्या मराठीला मधूनच तमिळ वळण लागलं तर सांभाळून घ्या.

आमचा मुलूख सपाट. गच्चीवर उभं राहिलं की राजराज चोळानं 1010 च्या सुमारास पुरं केलेलं बृहदीश्वराचं शिखर दिसतं, तोच आमचा डोंगर. बाकी जिकडं पाहावं तिकडं भातशेती. आमच्या गाडीला चढ माहीत आहे तो फक्त रेल्वेच्या पुलाचा. अशा गावात जन्म काढलेल्या आमच्या यांनी निवृत्तीच्या तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, "आता आपण दोघांनीच गाडी काढायची, राहुटी बरोबर घ्यायची आणि डोंगर, जंगलं पाहायची." मी म्हटलं, "अहो, मे महिना आहे." ते म्हणाले, "म्हणूनच."

राहुटी हा शब्द मुद्दाम वापरते आहे. घरात टेंट म्हणायचं नाही, हा यांचा हट्ट. तंजावरचं मराठी राज्य राहुट्यांतूनच आलं, असं ते म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही. 1677 मध्ये शिवाजी महाराज आणि त्यांचे सावत्र भाऊ व्यंकोजी भेटले ते कोल्लिडम नदीच्या काठी, तिरुमळवाडीच्या छावणीत. बोलणी फिसकटली आणि व्यंकोजीराजे रात्रीच नदी ओलांडून तंजावरला परतले. भाऊबंदकीचं एवढं मोठं प्रकरण, तेही कापडाच्या छताखालीच घडलं.

मग तंजावरचे राजे दुसरे सरफोजी महाराज. 1820 मध्ये ते काशीयात्रेला निघाले. बरोबर तीनेक हजार माणसं. परत यायला 1822 उजाडलं. वाटेत देवदर्शन झालंच, पण महाराजांचा जीव पोथ्यांत. जिथं मिळाल्या तिथून हस्तलिखितं जमवली, ती आज आमच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. त्या प्रवासावर मराठीत 'त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या' रचल्या गेल्या. लावण्या, आणि त्या तीर्थयात्रेवर! महाराष्ट्रातल्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो. डेरे, कनाती, तणावे, मेखा हे सगळे शब्द त्या लवाजम्याबरोबर चालले असणार. आमच्या लवाजम्यात एक स्टोव्ह, दोन सतरंज्या, पाण्याचे कॅन आणि दोन दिवस टिकेल असा चिंचभात.

तिरुचि, दिंडिगल, पळणी करत उडुमलपेट गाठलं. तिथून मुन्नारचा रस्ता आधी अण्णामलै व्याघ्रप्रकल्पातून आणि मग केरळच्या चिन्नार अभयारण्यातून जातो. यांच्या मनातला बेत असा, की एखादा ओढा पाहायचा, त्याच्या काठी राहुटी ठोकायची, वर चांदणं. वनखात्याच्या नाक्यावरच्या पोरानं आमची गाडी पाहिली, मागचं बोचकं पाहिलं आणि म्हणाला, "अम्मा, राहायचं लांबच, वाटेत खाली उतरायचंसुद्धा नाही." बरोबरच होतं त्याचं. अभयारण्य हे हत्तींचं घर, आपण वाटसरू. मुक्काम करायचा तर वनखात्यानं ठरवून दिलेल्या जागेत, नाहीतर जंगलाबाहेर. चित्रातल्यासारखी राहुटी अभयारण्यात ठोकता येत नाही, हे आम्हाला साठीच्या उंबरठ्यावर कळलं.

चिन्नार म्हणजे पर्जन्यछायेतलं कोरडं, काटेरी रान. ते ओलांडून मरयूरला पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. मरयूर चंदनासाठी आणि गुळासाठी प्रसिद्ध. उसाच्या फडाशेजारी एका शेतकऱ्यानं अंगणात जागा दिली. गुऱ्हाळाचा गोड धूर येत होता. राहुटी पसरली, काठ्या जोडल्या आणि हे पिशवीत हात घालून बराच वेळ काही बोललेच नाहीत. मेखा घरी राहिल्या होत्या.

पॅकिंग कोणी केलं होतं, यावर त्या अंगणात जी चर्चा झाली ती आकाशवाणीवर सांगण्यासारखी नाही. शेवटी एक तणावा गाडीच्या चाकाला, एक सुपारीच्या झाडाला आणि उरलेले दगडांना बांधले. रात्री वारा सुटला तेव्हा आम्ही दोघं दोन कोपरे धरून बसलो. लग्नानंतर इतका वेळ काही न बोलता शेजारी बसल्याचं मला आठवत नाही. बाहेर पाटाचं पाणी वाहत होतं. मे महिन्यात!

तुम्हाला यात विशेष वाटणार नाही. पण तंजावरजवळ तिरुवैयारूला मे महिन्यात कावेरीचं पात्र पाहा. नुसती वाळू, आणि तिच्यात क्रिकेट खेळणारी पोरं. सकाळी शेतकऱ्याला विचारलं, हे पाणी जातं कुठं? म्हणाला, पांबार नदीत. पांबार अमरावतीला मिळते, अमरावती करूरजवळ कावेरीला. केरळातल्या बहुतेक नद्या पश्चिमेला समुद्राकडं धावतात. पूर्वेला जाणाऱ्या मोठ्या अशा तीनच, कबिनी, भवानी आणि ही पांबार, आणि तिघींचं पाणी शेवटी कावेरीत. हे भलतेच खूश झाले. म्हणजे हे आमचंच पाणी की! शेतकरी हसला. "वाटेत अमरावतीचं धरण आहे, साहेब. उडुमलपेटवाले सोडतील तेवढं तुमचं."

मरयूरहून पुढं एरविकुळमला गेलो. हे राष्ट्रीय उद्यान 97 चौरस किलोमीटरचं. तिथं 2695 मीटर उंचीचं आनमुडी आहे, हिमालयाच्या दक्षिणेला भारतात याहून उंच शिखर नाही. आपली गाडी खालीच ठेवायची, वनखात्याच्या बसनं राजमलैपर्यंत जायचं. वरैआडू, म्हणजे निलगिरीची रानशेळी, रस्त्याच्या कडेला चरत होती. आमच्याकडं बघण्याइतकीही फुरसत तिला नव्हती. माझं लक्ष मात्र गवताकडं. वर उघडी कुरणं, घळीघळीत 'शोला' नावाचं ठेंगणं, दाट रान. पावसाचं पाणी ही माती भिजल्या गोधडीसारखं धरून ठेवते आणि थेंबथेंब सोडते, म्हणून उन्हाळ्यातही ओढे आटत नाहीत. नीलकुरिंजी काही दिसली नाही. ती 12 वर्षांतून एकदा फुलते, मागे 2018 मध्ये फुलली, आता 2030. तेव्हा माझं वय काय असेल ते हे हिशोब करून सांगायला निघाले होते. मी थांबवलं.

पुढं उदकमंडलम्, मुदुमलै, बंदिपूर. बंदिपूरच्या जंगलातले रस्ते 2009 पासून रात्री 9 ते सकाळी 6 बंद असतात, त्यामुळे संध्याकाळी घाई आणि घाईत भांडण. राहुटी त्यानंतर उघडलीच नाही. लॉजमध्ये राहिलो आणि घरी परतलो.

12 जून हा कावेरीवरचं मेट्टूर धरण उघडायचा आमच्याकडचा ठरलेला दिवस, धरणात साठा असेल तर. त्या वर्षी पाणी आलं. आम्ही दोघं कल्लणैला गेलो, करिकाल चोळाचा म्हणतात त्या बंधाऱ्यावर. हे कठड्यावरून वाकून बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "यातलं मरयूरचं कुठलं असेल गं?" मी म्हटलं, "उडुमलपेटवाल्यांना विचारा."

मेखा नंतर सापडल्या, तांदळाच्या पिंपामागं. चांगल्या चौदा. त्यातल्या दोन मेखांना सध्या माझी कपड्यांची दोरी बांधली आहे. पॅकिंग मीच केलं होतं, असं हे अजूनही म्हणतात.