ध्वनीची दिशा आणि कानांची साक्ष

डोळे मिटून अंगणांत बसलेल्या माणसाला कोकिळा डावीकडील आंब्यावर बोलते कीं उजवीकडील, हें कोणी सांगावें लागत नाहीं. डावीकडून निघालेला आवाज डाव्या कानास किंचित् आधीं पोंचतो. हें अंतर फार झालें तर सेकंदाचा सुमारें दीड हजारावा भाग. शिवाय मस्तकाच्या आडोशामुळें दुसऱ्या कानास तो कांहींसा क्षीण ऐकूं येतो. या दोन्ही खुणांची उपपत्ति लॉर्ड रॅले यांनीं १९०७ सालीं मांडली. परंतु आवाज वरून आला कीं खालून, पुढून कीं मागून, हा निवाडा मुख्यतः बाह्यकर्णाच्या घड्या करितात. आणि त्या घड्या माणसागणिक निराळ्या असतात. पुढील साऱ्या विवेचनाचें मर्म या एका गोष्टींत आहे.

यंत्राकडून हीच किमया करवून घेण्याची हौस जुनी आहे. १८८१ सालीं पॅरिसच्या विद्युत्-प्रदर्शनांत क्लेमाँ आदेर यांनीं रंगमंचावर ध्वनिग्राहक मांडून श्रोत्यांच्या दोन कानांस दोन टेलिफोन दिले. १९३१ सालीं अ‍ॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्यानें दोन वाहिन्यांच्या ध्वनीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. आज हें काम संगणकावरील सॉफ्टवेअर करितें. निरनिराळ्या दिशांचा आवाज कानांत शिरेपर्यंत कसा पालटतो, याचीं मापें आधीं घेतलेलीं असतात. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनें १९९४ सालीं 'केमार' नांवाच्या पुतळ्याच्या कानांत ध्वनिग्राहक बसवून ७१० जागांवरून अशीं मापें घेतलीं. साध्या ध्वनीस तीं लावलीं कीं तो त्या त्या दिशेनें आल्याचा भास होतो.

मग घरांत हें सॉफ्टवेअर घेऊनहि पुष्कळांची निराशा कां होते? सेटिंगच्या पानावर यंत्र कांहीं प्रश्न विचारतें आणि त्यांचीं उत्तरें चुकीचीं दिलीं जातात, हें त्याचें एक मोठें कारण. पहिला प्रश्न, ऐकणार कशावर? हेडफोनसाठीं केलेला संस्कार स्पीकरवर निरर्थक ठरतो; कारण स्पीकरचा आवाज दोन्ही कानांत मिसळतो. दुसरा प्रश्न, स्पीकर किती? घरांत दोनच असतां पांच सांगितले, तर मधल्या स्पीकरसाठीं ठेविलेले संवाद कोठेंच उमटत नाहींत. अंतरहि खरें सांगावें. ध्वनीस एक मीटर कापण्यास सुमारें तीन सहस्रांश सेकंद लागतो, आणि त्या हिशेबानेंच यंत्र जवळच्या स्पीकरला थोडें थांबवितें.

तिसरी चूक दुहेरी संस्काराची. खेळाच्या सॉफ्टवेअरनें एकदां दिशा घातली आणि संगणकाच्या व्यवस्थेनें तीच पुन्हां घातली, म्हणजे फोडणी दिलेल्या आमटीला पुन्हां फोडणी दिल्यासारखें होतें. संस्कार एकानेंच करावा, दुसऱ्याचा बंद ठेवावा. चौथी निवड कानाची. कांहीं सॉफ्टवेअरांत मापांचे अनेक संच असतात. परक्या कानाचीं मापें लाविलीं तर पुढचा आवाज मागून आल्यासारखा वाटतो, किंवा डोक्यांतच घुमतो. म्हणून एकेक संच लावून पाहावा. मान वळवितांच ध्वनि जागच्या जागीं ठेवणारी सोय असेल तर ती चालू करावी; पुढें-मागेंचा घोटाळा तिनें बराच मिटतो. घुमारा मात्र बेतानेंच वाढवावा. तो अति झाला कीं शब्द पुसट होतात.

हा केवळ करमणुकीचा प्रश्न नव्हे. २०१८ सालीं मायक्रोसॉफ्टनें अंध व्यक्तींकरितां 'साउंडस्केप' नांवाचें सॉफ्टवेअर काढिलें. वाटेंतील चौकांचीं व दुकानांचीं नांवें त्यांत त्या त्या दिशेनें ऐकूं येत. २०२३ सालीं कंपनीनें तें बंद केलें. पण त्याची मूळ संहिता सर्वांस खुली केली. अशा वाटसरूच्या हेडफोनची डावी-उजवी बाजू उलट झाली, तर चौक उजवीकडे असतां तो डावीकडे वळेल. तीच गोष्ट एका कानानें बधिर झालेल्या आजोबांची. त्यांच्या हेडफोनांत दिशेचा खेळ चालला, तर अर्धें संभाषण बहिऱ्या कानाशींच बोललें जाईल. त्यांच्याकरितां दोन्ही वाहिन्या एकत्र करणारें 'मोनो' हें सेटिंग असतें. विंडोज, अँड्रॉइड व आयफोन यांत तें आहे. त्यांना दिशेपेक्षां शब्द मोलाचा.

शेवटची परीक्षा कानांचीच. ऐकणाऱ्यानें डोळे मिटावे, घरांतील दुसऱ्या कोणी आवाज लावावा, आणि तो जेथून आला असें वाटेल तेथें ऐकणाऱ्यानें बोट दाखवावें. एका वेळीं एकच सेटिंग बदलावें, आधींचें टिपून ठेवावें, आणि दोहोंची तुलना करितांना आवाजाची पातळी सारखी ठेवावी. मोठा आवाज उगाच चांगला भासतो. बोट वारंवार चुकीकडे गेलें, तर पानावर कितीहि भारदस्त नांव लिहिलेलें असो, तें सेटिंग त्या कानांचें नव्हे. केमारचीं मापें केमारचीं होत. अंगणांतील कोकिळा ओळखणारे कान ज्याचे त्याचे असतात.