‘कोक्स’ या शब्दाची गोष्ट
(शिक्षक-पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आठवीच्या धड्यात ‘कोक्स’ हा इंग्रजी शब्द आला. मी फळ्यावर ‘फुसलावणे’ असा अर्थ लिहिला. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, फुसलावून तर पोरं पळवतात ना?” वर्ग हसला. मी फळा पुसून ‘गोडीगुलाबीने राजी करणे’ असे लिहिले.

घरी कोश उघडला, तर पोरगा फारसा चुकला नव्हता! सोळाव्या शतकातील इंग्रजीत ‘कोक्स’ म्हणजे भोळा, सहज फसणारा माणूस. बेन जॉन्सनच्या १६१४ मधील ‘बार्थोलोम्यू फेअर’ नाटकात याच नावाचा एक बावळट तरुण जत्रेत पुरता लुबाडला जातो. पुढे ‘कोक्स करणे’ म्हणजे एखाद्याला बनवणे, आणि मग लाडीगोडी लावणे. १७५५ च्या कोशात डॉ. जॉन्सनने त्याला हलका शब्द ठरवले. आज मात्र आई तापलेल्या मुलाला औषध पाजते, तेही ‘कोक्स’च.

आपले शब्द पाहा. ‘मिनतवारी’तली ‘मिन्नत’ अरबी. तिचा मूळ अर्थ उपकार. ‘खुशामत’ फारसीतून आली. ‘खुश’ आणि ‘आमद’, म्हणजे आगमन. स्वागताच्या शब्दाची तोंडपुजेपणापर्यंत घसरण झाली. ‘आर्जव’ मात्र संस्कृत, ‘ऋजु’पासून झालेला. आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिच्या तेराव्या अध्यायात आर्जव म्हणजे मनाचा सरळपणा. आज आपण त्याचा अर्थ विनवणी करतो.

हे सारे मला का आठवते, ते सांगतो. गेल्या वर्षी एका वडिलांनी मुलीला आठवीनंतर घरी बसवायचे ठरवले. मी भिंगारमधल्या त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, “चाचा, शिकली तर नोकरी नक्की लागेल.” त्यांनी चहा पाजला, उत्तर दिले नाही. परतताना माझेच मन खाऊ लागले. नोकरी काय माझ्या खिशात होती? त्या भल्या माणसाला मी जुन्या अर्थाने ‘कोक्स’च करत होतो.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा म्हणालो, “नोकरीचे मी सांगू शकत नाही. पण गणितात ती वर्गात पहिली आहे, आणि शाळा सुटल्यावर घरापर्यंत सोबत यायला तिच्या तीन मैत्रिणी आहेत.”

चाचा बराच वेळ गप्प होते. मग आत पाहून म्हणाले, “अगं, हिचं दप्तर कुठं ठेवलंय?”