उरते ते कोणाचे?
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



पिशोरसारख्या गावात एखादी संस्था पन्नास वर्षे उभी राहते, तेव्हा तिच्या वहीत मोठ्या देणग्यांपेक्षा लहान रकमांच्याच ओळी अधिक असतात. त्या रकमा कोणाच्या तरी घरात काहीतरी वाचले म्हणून आलेल्या असतात. म्हणून या प्रसंगी ‘वडिलांकडून शिकलेली काटकसर’ हा विषय मला देण्यात आला, हे मी उचित समजतो. मी विद्वान नाही. गादीवर बसून कापड मोजणारा माणूस आहे. जे पाहिले, तेवढेच सांगतो.

माझे वडील, ज्यांना आम्ही बाबूजी म्हणत असू, फार शिकलेले नव्हते. पण त्यांच्या व्यवहाराला एक शिस्त होती. दुकानाच्या गल्ल्यातील पैशाला ते घरखर्चासाठी हात लावत नसत. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक रक्कम ‘घरखाते’ म्हणून उचलीत आणि ती रोजमेळात लिहीत. महिनाअखेर पैसे संपले तरी दुसरी उचल नाही. आई त्या रकमेत घर चालवी आणि त्यातूनही दोन पैसे मागे ठेवी. पुढे मी बी.कॉम.ला गेलो, तेव्हा मालक वेगळा आणि धंदा वेगळा, हे लेखाशास्त्राचे तत्त्व पहिल्याच वर्षी शिकविले गेले. मला ते नवे वाटले नाही.

दुकानात काही वाया जात नसे. गाठोड्याची सुतळी सोडवून गुंडाळली जाई. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर आमची गणिते होत. ताग्याच्या शेवटी उरलेल्या तुकड्यांची आई झबली-टोपडी शिवी, आणि त्याहून लहान चिंध्या गोधडीत जात. ती झबली विकण्यासाठी नसत. ओळखीच्या घरी बाळंतीण असली की ती तिकडे पोहोचती होत. पाण्याच्या बाबतीत तर ते फारच कडक होते. तूप सांडले तर फारसे बिघडत नाही, पाणी सांडले तर जीव जळतो, अशा अर्थाची मारवाडी म्हण त्यांच्या तोंडी नेहमी असे. पाण्यात जीव आहेत, ही त्यामागील आपली श्रद्धा. शिवाय हा मराठवाडा आहे. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

१९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी मुलगा होतो. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळे. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या आयाबायांना सुकडी वाटली जाई. रोजगार हमीची सुरुवात महाराष्ट्रात त्याच वर्षी झाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्या दिवाळीस बाबूजींनी सांगितले, की यंदा घरात कोणालाही नवा कपडा येणार नाही. आई म्हणाली, “अहो, दुकान भरलेलं आहे आणि लेकरं जुन्या कपड्यांत फिरणार. लोक काय म्हणतील?” बाबूजी म्हणाले, “दुकानातलं कापड विकायला आणलेलं आहे, ते आपलं नाही. आपल्याला लागतं तेवढंच आपलं.” त्या वर्षी मांजरपाट आणि साधी लुगडी त्यांनी खरेदीच्या भावाने विकली. जुन्या उधारीसाठी कोणाच्या दारी माणूस पाठविला नाही. घरात वाचले, म्हणून दुकानात सोडता आले.

येथेच काटकसर आणि कंजुषी यांतील भेद स्पष्ट होतो. कंजूष माणूस सर्वांवरचा खर्च कमी करतो. काटकसरी माणूस प्रथम स्वतःवरचा कमी करतो. मुलांची पुस्तके, आजाऱ्याचे औषध, अतिथीचे ताट आणि नोकराचा पगार या चार गोष्टींत बाबूजींनी कधी हात आखडला नाही. त्यांच्या स्वतःच्या वापरात मात्र धोतर-सदऱ्याचे चारच जोड असत. कापडाच्या व्यापाऱ्याकडे चार जोड! पाचवा आला की जुन्यांपैकी एक चांगल्या स्थितीत असतानाच देऊन टाकीत.

यामागे शास्त्राची बैठक होती. श्रावकाच्या पाच अणुव्रतांत शेवटचे परिग्रह-परिमाण. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे अतिचार सांगताना शेत, घर, सोने, धनधान्य यांच्याबरोबर ‘कुप्य’ हा शब्द आला आहे, आणि टीकाकारांनी त्यात कापडही धरले आहे. श्रावकाने रोज धारण करावयाच्या चौदा नियमांतही ‘वस्त्र’ हा स्वतंत्र नियम आहे. आज किती वस्त्रे वापरीन, हे सकाळीच ठरवावयाचे. मर्यादा आधी, खर्च नंतर. आपण बहुधा उलट करतो. आधी खर्च करतो आणि उरले तर त्याला बचत म्हणतो.

आता जे उरते, ते कोणाचे? ताळेबंदात मालकाचे भांडवल कोणत्या बाजूला लिहितात, हे येथील व्यापारी बंधू जाणतात. ते देण्याच्या बाजूला लिहितात. धंदा ते मालकाचे देणे लागतो. बाबूजींच्या लेखी घरातील शिल्लकही अशीच देण्याच्या बाजूला होती. ती कोणाला तरी पोहोचती करावयाची, एवढेच ठरावयाचे असे.

आपल्या समाजात याची थोर उदाहरणे आहेत. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. महात्मा गांधी १८८८ मध्ये विलायतेस निघाले, तेव्हा मातोश्री पुतळीबाईंच्या समाधानासाठी बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांच्याकडून तीन प्रतिज्ञा घेतल्या. त्याच गांधीजींनी १९२१ मध्ये मदुराई येथे अंगावरचे कापड पंचापुरते आणले. घरात लागलेले मर्यादेचे वळण किती दूर जाते, ते यावरून दिसते.

आता थोडे कटू बोलतो, आणि ते माझ्याच धंद्याविरुद्ध आहे. लग्नसराईत बस्ता काढण्यासाठी कुटुंबे येतात. वधूची साडी निवडून झाली की म्हणतात, “आता देण्याघेण्याच्या साड्या दाखवा.” या शब्दाचा अर्थ आपल्या भगिनी जाणतात. ही साडी नेसण्यासाठी नसते. ती एका आहेरातून दुसऱ्या आहेरात, एका कपाटातून दुसऱ्या कपाटात फिरत राहते. कोणाच्याही अंगाला न लागणाऱ्या या कापडासाठी बाप कर्ज काढतो. ज्याची ऐपत आहे तो शंभर साड्या वाटतो, म्हणून ज्याची नाही त्याला पन्नास तरी वाटाव्या लागतात. श्रीमंताची हौस गरिबाच्या खतावणीत नावे पडते. यात माझा नफा आहे, हे मी नाकारीत नाही. पण चार जोडांत आयुष्य काढलेल्या माणसाच्या गादीवर मी बसतो, म्हणून हे बोलणे माझे कर्तव्य आहे.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजापुढे मी तीन गोष्टी ठेवतो. पहिली, लग्नात देण्याघेण्याच्या साड्या बंद कराव्यात, आणि याचा आरंभ ज्यांची ऐपत आहे त्यांनी करावा. म्हणजे इतरांना तसे करण्यात कमीपणा वाटणार नाही. दुसरी, त्यातून वाचणाऱ्या रकमेचा काही भाग ट्रस्टमार्फत समाजातील व गावातील होतकरू मुलामुलींच्या शिक्षणासाठी द्यावा. तिसरी, प्रत्येक घरात वर्षातून एकदा, पर्युषणाच्या काळात, कपाट उघडून परिमाण ठरवावे आणि अधिकचे वस्त्र चांगले असतानाच गरजूंना द्यावे. फाटल्यावर दिलेले वस्त्र हे दान नव्हे.

आजच्या तरुणांना मोबाईलवर बोट ठेवताच वस्तू घरी येते, हप्तेही बांधून मिळतात. त्यांना मी एवढेच सांगेन, की हवी असलेली वस्तू कागदावर लिहा आणि पंधरा दिवस थांबा. बाबूजी आम्हांला हेच करावयास लावीत. पंधरा दिवसांनी त्यातील बऱ्याच वस्तूंची आठवणही राहत नसे. जी राहिली, ती ते आनंदाने आणून देत.

 बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!