वरणभाताचं कोडं

पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग ज्वारी-बाजरीच्या भाकरीचा. मग पुण्यातल्या घरांत जीव निवतो तो वरणभातावर, हे कसं? एक कारण पश्चिमेला आहे. मुळशी-मावळच्या पावसाळी खाचरांत आंब्याच्या मोहोराचा वास असलेला आंबेमोहोर पिकतो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने त्याचा आयआर-८ या भाताच्या जातीशी संकर करून १९८७ मध्ये ‘इंद्रायणी’ हा वाण दिला. तांदळातलं अमायलोज, म्हणजे स्टार्चचा एक प्रकार, कमी असलं की भात मऊ, चिकटसर होतो. असा गुरगुट्या भात बाळाच्या उष्टावणाला चालतो, तसा तापातून उठलेल्यालाही.

वरणभाताची ओढ ही नुसती सवय, असं कुणी म्हणेल. पण ती लागली धान्याच्या या मऊपणामुळेही. साखरेचा आक्षेप मात्र खरा आहे: मऊ पांढरा भात रक्तातली साखर लवकर चढवतो. त्याचं उत्तर काही अंशी ताटातच सापडतं. प्रथिनांच्या बाबतीत भात आणि वरण एकमेकांची उणीव भरून काढतात: तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळीत भरपूर; डाळीत मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते भात पुरवतो. तेव्हा जोडी मोडायची नाही; साखरेसाठी फक्त मूद लहान, वरण जास्त. मधुमेह असेल तर तेही मोजूनच. मग बासमती का नको? तिची ऐट बिर्याणीत शोभते. तिच्या सुट्या शितांवरून वरण नुसतं घरंगळतं.