रामचंद्रन यांचा नकाशा
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



या व्यासपीठावर दरवर्षी प्राध्यापक, डॉक्टर, साहित्यिक बोलतात. मी पडलो सिव्हिलचा डिप्लोमा केलेला सरकारी नोकर. रस्ते, मोऱ्या आणि एस्टिमेट यांतच निम्मं आयुष्य गेलं. सेक्रेटरींनी "यंदा विज्ञानावर तुम्ही बोला" म्हटलं तेव्हा मी आधी नकोच म्हणालो होतो.

माझी मुलगी बायोटेक्नॉलॉजी शिकते. एकदा तिनं पुस्तकातली एक आकृती दाखवली. चौकोन, आडव्या बाजूला एक कोन, उभ्या बाजूला दुसरा, आणि मध्ये काही डाग. खाली लिहिलं होतं, रामचंद्रन प्लॉट. "बाबा, एवढ्या जाड पुस्तकात आपल्याकडचं नाव असं कुठेतरी एखादंच सापडतं," ती म्हणाली. कोन म्हटल्यावर मला जरा धीर आला. थिओडोलाइटवर आयुष्यभर कोनच मोजले. मग मिळेल ते वाचत गेलो.

गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ चा, एर्नाकुलमचा. वडील गणिताचे प्राध्यापक. १९४२ साली ते बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आले ते इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगसाठी. पण तिथे सी. व्ही. रामन होते. हा मुलगा तुमच्या विभागाला जरा जास्तच हुशार आहे, असं त्या विभागप्रमुखांना सांगून रामन यांनी त्यांना आपल्याकडे ओढून घेतलं, अशी आठवण सांगतात. (आमच्या खात्यात अशी बदली व्हायला तीन वर्षं लागली असती.) पुढे केंब्रिज, डॉक्टरेट आणि परत. १९५२ मध्ये मद्रास विद्यापीठाने भौतिकशास्त्र विभाग सांभाळायला बोलावलं, तेव्हा वय तिशीच्या उंबरठ्यावर होतं.

त्याच सुमारास जे. डी. बर्नाल हे इंग्लंडचे शास्त्रज्ञ मद्रासला आले. कोलॅजनची रचना अजून कुणाला नीट उलगडलेली नाही, असं त्यांच्या बोलण्यात आलं. कोलॅजन म्हणजे आपली त्वचा, हाडं, कंडरा यांना बळकटी देणारं प्रथिन. ते चामड्यातही असतं, आणि चामडं संशोधन संस्था तर शेजारीच होती. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था कामाला लागले. कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेवर क्ष-किरण टाकून त्यांनी चित्रं घेतली. १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी मांडलं की कोलॅजन तीन साखळ्यांचं असतं. पुढच्या वर्षी त्यात सुधारणा केली : या साखळ्या एकमेकींभोवती पीळ घेतात.

बायकांना हे लवकर कळेल. तीन पेडांची वेणी डोळ्यांसमोर आणा. पेड घट्ट बसायचे तर मध्ये जागा उरत नाही. म्हणून साखळीतला दर तिसरा मणी ग्लायसिन या सगळ्यात लहान अमिनो आम्लाचा असतो, आणि तोच आतल्या बाजूला येतो. दुसरा कुठलाही मणी तिथे मावत नाही. त्या जागी चुकून मोठा मणी आला तर काही मुलांची हाडं जन्मतःच ठिसूळ होतात.

आता खरी गोष्ट. १९५५ मध्येच केंब्रिजहून फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी आक्षेप घेतला. क्रिक म्हणजे डीएनएच्या रचनेवाले. त्यांचं म्हणणं असं की तीन पेड बरोबर, पण तुमच्या नमुन्यात काही अणू एकमेकांच्या फार जवळ आलेत, आणि तुम्ही दाखवता तितके हायड्रोजन बंध तिथे बसत नाहीत.

इथे मला माझीच एक गोष्ट आठवते. एका एस्टिमेटवर वरून शेरा आला होता, मोजमापात तफावत म्हणून. मी चार पानी खुलासा लिहिला. टेप घेऊन साइटवर मात्र परत गेलो नाही.

रामचंद्रन यांनी उत्तरं दिलीच, वाद पुढे बरीच वर्षं चालला. पण त्यांनी एक मूळ प्रश्न हाती घेतला : दोन अणू जास्तीत जास्त किती जवळ येऊ शकतात? जगभरच्या प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचना तपासून त्यांनी ही अंतरं गोळा केली. मग विद्यार्थ्यांना घेऊन साऱ्या प्रथिनांचाच हिशेब मांडला. प्रथिनाची साखळी म्हणजे सपाट पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या. प्रत्येक सांध्यावर फक्त दोन ठिकाणी वळायला मुभा, म्हणजे दोन कोन. अरुंद जिन्यातून कपाट चढवताना काही कोनांत ते फिरतं, काहींत भिंतीला अडतं. तसंच इथे. कुठल्या कोनांना अणू आपटतात आणि कुठल्या कोनांना मोकळे राहतात, हे त्यांनी टेबलावरच्या आकडेमोडीच्या यंत्रावर एकेक करून काढलं. चौकोनाचा बराचसा भाग निषिद्ध निघाला, मोकळी उरली ती थोडी बेटं. १९६३ मध्ये हा निबंध आला. त्यावर नावं तीन : रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन. पुढची दोन विद्यार्थ्यांची.

आणि क्रिक-रिच? हायड्रोजन बंधांबाबत पुढे त्यांचंच म्हणणं जास्त बरोबर ठरलं. तीन पेडांची वेणी रामचंद्रन यांची, ती कायम राहिली. मला यात कमीपणा वाटत नाही. ज्यांच्या नमुन्यात अणू जवळ आल्याची चूक काढली गेली, त्यांच्याच नकाशावर आज जगातली प्रथिनांची नवी रचना तपासून घेतात. बिंदू बेटाबाहेर पडला तर संशोधक आधी आपलं काम पुन्हा बघतो.

नंतर ते बंगळूरला परतले आणि तिथे रेण्वीय जैवभौतिकीचा विभाग उभा केला. १९७१ मध्ये लक्ष्मीनारायणन यांच्याबरोबर त्यांनी क्ष-किरणांच्या छायांपासून आतलं चित्र पुन्हा उभं करण्याची सोपी गणिती रीत मांडली. सीटी स्कॅनच्या कामात तिचा मोठा उपयोग झाला. ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९९९ मध्ये स्फटिकशास्त्राचं एवाल्ड पारितोषिक मिळालं. नोबेल मिळालं नाही. अखेरची वर्षं पार्किन्सनच्या आजारात गेली, आणि ७ एप्रिल २००१ ला चेन्नईत ते वारले.

माझ्या मुलीनं प्रोजेक्टमध्ये एक रचना संगणकावर बसवली होती. नकाशावर टाकली तर तीन बिंदू बाहेर. तिचे सर एवढंच म्हणाले, परत बघ. ती गेले चार दिवस तेच करतेय, म्हणून आज इथे आलेली नाही.