बेहड्यातलं घर



ही व्याख्यानमाला ऐन मे महिन्यात भरते, याबद्दल संयोजकांचे आभार. जंगल बघायचा खरा महिना हाच. पहिल्या रांगेतले काही चेहरे म्हणतायत, ‘या उन्हात?’ हो, या उन्हातच.

मी वर्षानुवर्षं भंडारा-गोंदियाच्या नागझिऱ्याला जातो. १९७० सालचं हे अभयारण्य २०१३ मध्ये नवेगावबरोबर व्याघ्र प्रकल्पात गेलं. तेव्हापासून मी परतलो की शेजारी विचारतात, ‘वाघ दिसला का?’ मी म्हणतो, ‘धनेश दिसला.’ मग ते चहाचंही विचारत नाहीत.

जंगलाच्या कडेला रस्त्यावरून दिसेल असा एक जुना बेहडा आहे. त्याच्या ढोलीत राखी धनेशाची मादी उन्हाळ्यात स्वतःला कोंडून घेते. विष्ठा आणि फळांचा गर यांचा गिलावा करून ती दार लिंपते आणि चोचीपुरती उभी फट ठेवते. आत तिची उडायची पिसं गळून जातात, म्हणजे मनात आलं तरी बाहेर पडून उपयोग नाही. सगळी भिस्त नरावर. तो येतो, खोडाला बिलगतो, मान हलवून गळ्यातलं वडाचं एक फळ वर काढतो आणि फटीत देतो. मग दुसरं, मग तिसरं. आपण मोजता मोजता चुकतो. त्या वेळी पाठीमागून वाघ गेला असता तरी मला कळलं नसतं.

या एका घरापायी मला आसपासचे वड, पिंपळ, उंबर पाठ झाले. कुठला कधी पिकतो, हे नराच्या उडण्याच्या दिशेवरून कळायला लागलं.

मोहाचं तसंच. मार्चच्या सुमारास फुलं गळू लागली की पहाटे गावातल्या बायका टोपल्या घेऊन निघतात, आणि त्याच फुलांसाठी अस्वलही निघतं. दोघांची वेळ एक, हीच अडचण. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, त्याचा कधी वणवा होतो. शहरात बसून नावं ठेवणं सोपं आहे. त्या फुलांवर कित्येक घरांचा उन्हाळा निघतो.

पाणवठ्यावर बिनशिंगाचं सांबर आलं की जिप्सीतून ‘मादी, मादी’ असा पुकारा होतो. मे महिन्यात पुष्कळदा तो नर असतो. मानेवरचे दाट राठ केस बघा. शिंगं गळून पडलेली असतात. पावसाळ्यात मखमली कातडीखाली नवी वाढतात आणि थंडीत तोच गडी ती मिरवत फिरतो. एकदाच जाणाऱ्याला यातला एकच सांबर भेटतो.

मग पावशा ‘पेर्ते व्हा’ म्हणू लागतो आणि पहिल्या सरींच्या आगेमागे दक्षिणेकडून नवरंग येतो. त्याची दोन सुरांची शीळ सकाळ-संध्याकाळ हटकून ऐकू येते. तमिळमध्ये तर त्याला सहा वाजताचा पक्षीच म्हणतात. हिवाळ्याबद्दल मी फार बोलत नाही. तेव्हा तुम्ही सगळे जाताच.

पावसाळ्यात पर्यटकांना जंगलाचं दार बंद होतं, आणि ते योग्यच आहे. त्यावर कुरकुर करणाऱ्यांना मी अलिबागजवळच्या किहीमची गोष्ट सांगतो. १९३० च्या पावसाळ्यात सलीम अलींनी तिथे घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीसमोर आडोशाला बसून तासन्‌तास पाहिलं. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर मुक्काम करते, आणि तो ते पुरं करून दुसऱ्या घरट्याला लागतो, दुसऱ्या मादीसाठी. हे गुपित त्या बसण्यातून उलगडलं. त्यासाठी ना जिप्सी लागली, ना प्रवेशपत्र.

पावसाला अजून अवकाश आहे. घरी जाताना तुमच्या वाटेवरचा एखादा वड किंवा उंबर ठरवा आणि एक वही घाला. आठवड्यातून एकदा त्याच्याखाली अर्धा तास बसा, तारीख टाका, दिसेल ते लिहा. काही दिसलं नाही, तर ‘काही नाही’ असं लिहा. ती नोंदही हवी. पुढच्या मेमध्ये संयोजकांनी मला पुन्हा बोलावलं, तर वह्या घेऊन या. मी कमी बोलेन, तुम्ही वाचा.