हजेरीपट आणि खराटा

फेब्रुवारीची २३ तारीख आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कुणाला सांगावी लागत नाही. १८७८ साली याच दिवशी शेगावात गजानन महाराज लोकांच्या दृष्टीस पडले. त्याआधी दोन वर्षं, १८७६ साली, याच तारखेला शेजारच्या अमरावती जिल्ह्यात शेंडगावी डेबूजी नावाचं पोर जन्माला आलं. तेच पुढे गाडगेबाबा झाले. आणि १९०५ साली, पुन्हा २३ फेब्रुवारीलाच, अमेरिकेतल्या शिकागो शहरात चार माणसं एका कचेरीत जमली आणि तिथून रोटरी क्लब सुरू झाला.

तारखा जुळल्या म्हणून काही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण गावातल्या सेवा मंडळाबद्दल बोलायचं तर ही तीन नावं एकत्र आलेली बरी. सेवेसाठी माणसं जमवायच्या तीन वेगवेगळ्या तऱ्हा त्यांत दिसतात. आणि लोणारसारख्या गावात सेवा मंडळ चालवायचं तर यातली कुठली तऱ्हा उपयोगाची, हा प्रश्न मला आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

आधी शिकागोचं बघू. पॉल हॅरिस हा वकील. त्याच्याबरोबर एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनिअर आणि एक शिंपी. मोठ्या शहरात ओळखीची माणसं असावीत, आळीपाळीनं एकमेकांच्या कचेरीत भेटावं, एवढाच सुरुवातीचा हेतू. समाजसेवा नंतर आली. आणि या क्लबाचं पहिलं सार्वजनिक काम कोणतं होतं म्हणता? शिकागोत सार्वजनिक शौचालयं बांधून घेण्यासाठी खटपट करणं! आज रोटरीची सभा म्हटली की कोट-टाय, घंटा आणि हारतुरे आठवतात, पण मूळ काम असं रोखठोक होतं.

दुसरी गोष्ट त्याहून बोलकी आहे. त्या चार संस्थापकांपैकी ज्याच्या कचेरीत पहिली बैठक झाली तो इंजिनिअर गुस्टाव्ह लोअर काही वर्षांतच क्लबातून बाहेर पडला. शिंपी हायरम शोरी एखादं वर्ष राहिला आणि आपल्या मुलखाला परत गेला. म्हणजे संस्थापकच माजी सदस्य झाले! क्लब मात्र थांबला नाही, कारण तिथे हजेरीपट होता, इतिवृत्त होतं आणि अध्यक्ष बदलायची रीत होती. आजही दरसाल १ जुलैला रोटरीत नवा अध्यक्ष बसतो. कालचा अध्यक्ष आज साधा सदस्य होऊन खुर्च्या लावतो, निदान लावायला हव्यात.

या चिवटपणाचं फळ आपण पाहिलेलं आहे. रोटरीनं १९८५ साली जगातून पोलिओ घालवायचा कार्यक्रम हाती घेतला. भारतातला शेवटचा रुग्ण २०११च्या जानेवारीत सापडला आणि २०१४च्या मार्चमध्ये आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. यात सरकार, आशाताई, अंगणवाडी सेविका, आरोग्य संघटना असे हजारो हात होते. पण ज्यांनी १९८५ साली ठराव केला त्यांतले कितीतरी सदस्य हा दिवस बघायला उरले नव्हते. काम एका पिढीनं उचललं आणि दुसरीनं पुरं केलं.

आता गाडगेबाबा. त्यांनी घर सोडलं तेही १९०५ सालीच. त्यांच्याकडे हजेरीपट नव्हता, पावतीपुस्तक नव्हतं, सभासदही नव्हते. माझा कुणी शिष्य नाही, असं ते बजावून सांगत. डोक्यावर गाडग्याचं खापर, अंगावर चिंध्यांचा सदरा आणि हातात खराटा. गावात शिरले की कुणाला न विचारता वेशीपासून झाडायला लागायचे. आधी पोरं जमायची, मग बाया, मग हळूहळू ज्यांच्या दारात घाण होती ते स्वतः. संध्याकाळपर्यंत गाव स्वच्छ, आणि रात्री कीर्तन. कीर्तनात बाबा अस्सल वऱ्हाडीत प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांकडूनच काढून घ्यायचे. सकाळी बघावं तर बाबा पुढच्या गावाला गेलेले.

त्या दिवशी ज्यानं खराटा हातात घेतला तो त्या दिवसापुरता बाबांचा सदस्य. पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचनला यात्रेकरूंचे चिखलात हाल होत, तिथला घाट अशाच हातांनी उभा राहिला. पुढे पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे धर्मशाळा झाल्या. त्या दगडविटा कुणी वाहिल्या त्यांची यादी नाही. आणि एक गोष्ट विसरू नका: एवढा विरक्त माणूस, पण धर्मशाळांच्या कारभाराबाबत पक्का. आपल्या नातेवाइकांचा त्यांवर काडीचा हक्क राहणार नाही, याची कायदेशीर तजवीज बाबांनी करून ठेवली होती. सेवा करताना वहीकडे पाठ फिरवणारे बाबा वारसाहक्काच्या बाबतीत मात्र कागदालाच धरून होते.

तिसरी तऱ्हा शेगावची. १९०८ साली, महाराज हयात असतानाच, संस्थानाची स्थापना झाली. तिथे गेलेल्या प्रत्येकाला आठवत असेल: रांगेत उभं राहावं तर पांढऱ्या कपड्यांतला कुणीतरी हात जोडून म्हणतो, “चला माउली, पुढे चला माउली.” तो पगारी नोकर नसतो. कुठल्यातरी खेड्यातला शेतकरी असतो, मास्तर असतो, दुकानदार असतो. ठरल्या दिवसांसाठी आलेला असतो. कुणी चपला सांभाळतो, कुणी महाप्रसादाची ताटं वाढतो, कुणी फरशी पुसतो. दिवस भरले की आपल्या गावाला जातो आणि त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. आपण पुढच्या खेपेला जातो तेव्हा माणूस वेगळा असतो, “माउली” तीच असते.

ही घडी बसवण्यात शिवशंकरभाऊ पाटलांचा वाटा किती मोठा, हे विदर्भात सगळे जाणतात. २०२१ साली भाऊ गेले. संस्थानाचा चहासुद्धा ते घेत नसत, असं लोक सांगतात. ते गेले त्या दिवशी शेगाव हळहळलं, पण रांगेतली शिस्त त्यांच्यामागेही तशीच राहिली. कारभाऱ्याची खरी परीक्षा तो गेल्यावर होते, आणि भाऊ त्या परीक्षेत उतरले.

मोझरीला गुरुकुंज उभारणाऱ्या तुकडोजी महाराजांनी या सगळ्याचा मेळ गावपातळीवर घातला. गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा विदर्भाच्या खेड्यापाड्यांत निघाल्या. पहाटे ग्रामसफाई, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. गावानं आपलं काम आपण करायचं आणि रोज करायचं. आणि आपल्या लोणारच्या शेजारी, मेहकर तालुक्यात, हिवरा आश्रम आहे. शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमात विवेकानंद जयंतीला शेतात लाखोंची पंगत बसते. पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून वाढली जाते. ट्रॅक्टर ओळीमधून सावकाश पुढे सरकतात आणि स्वयंसेवक भराभर वाढत जातात. कुठला ट्रॅक्टर कुठल्या ओळीत जाणार हे आधी ठरलेलं नसेल तर तिथे भक्तीसुद्धा उपाशी राहील!

हे सगळं लक्षात ठेवून आता लोणारला येऊ.

आपल्या गावाची गोष्ट थोडी निराळी आहे. पावणेदोन किलोमीटरहून अधिक रुंदीचं, काळ्या पाषाणात उल्केच्या आघातानं तयार झालेलं विवर आपल्या अंगणात आहे. अलीकडच्या मोजणीप्रमाणे त्याचं वय सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षं. २००० साली ते अभयारण्य झालं, २०२० साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. जगभरची माणसं बघायला येतात. आणि त्याच विवरातल्या सरोवरात गावाचं सांडपाणी उतरत होतं, उतारावर प्लॅस्टिक पडत होतं. सरोवर वाचवण्यासाठी नागरिकांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा दरवाजा ठोठावावा लागला.

इथे सेवा करणाऱ्याला एका दिवसात पुरं होईल असं काम मिळत नाही. वेड्या बाभळीचंच बघा. ती तोडायची मोहीम काढली, फोटो काढले, घरी गेलो. पावसाळा आला की बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात आणि दोन वर्षांत होतं तसं. ती मुळासकट काढावी लागते, त्या जागी इथली झाडं लावावी लागतात, आणि मग काही वर्षं त्या तुकड्यावर लक्ष ठेवावं लागतं. नवरात्रात कमळजादेवीच्या यात्रेला गर्दी होते, तिचा कचरा दरवर्षी नव्यानं उचलावा लागतो. धारेचं गोमुख बारा महिने वाहतं, म्हणून तिथली स्वच्छताही बारा महिन्यांची.

‘मी लोणारकर’ म्हणवणारी तरुण मंडळी, शाळांचे शिक्षक, सरोवराची माहिती सांगणारे जाणते लोक हे काम करतात, हे आपण जाणतोच. त्यांच्यासाठी शेगावची पाळी सगळ्यात उपयोगाची आहे. महिन्यातून एक सकाळ इतकीच ज्याची त्याची पाळी, पण ती चुकवायची नाही. वर्षातून एकदा दोनशे माणसं येण्यापेक्षा दर रविवारी आठ माणसं आलेली सरोवराला जास्त उपयोगी पडतात.

पण नुसती पाळी पुरत नाही. हजेरीपटही हवा, आणि तो शिकागोचाच हवा. का, ते सांगतो.

२०२० साली जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. देशभर बातमी पसरली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यांचं फावलं. आता अशा वेळी पहिला प्रश्न येतो तो असा: मागच्या वर्षांत पाणी कुठल्या पायरीपर्यंत होतं? कुठल्या महिन्यात किती खाली गेलं? याचं उत्तर काठावर रोज जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात असतं. त्यानं लिहून ठेवलं नसेल तर त्याच्याबरोबर ते जातं.

जुन्या काळी या सरोवरातून क्षार काढले जात. आईन-ए-अकबरीत त्याचा उल्लेख आहे. इंग्रजी अमदानीतल्या नोंदींत त्या क्षारांचे प्रकारही नावानिशी आले आहेत: दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. उन्हात, कंबरभर चिखलात उतरून ते काढणाऱ्या माणसांची नावं मात्र त्या नोंदींत आली नाहीत. कुठला क्षार कधी, कुठे धरतो, ही त्यांची विद्या होती. तिचा थोडाच भाग कागदावर आला, उरलेला गेला.

आपल्या सेवा मंडळांच्या भिंतीवर माजी अध्यक्षांची पाटी असते. पितळी अक्षरात नाव आणि वर्ष. त्या पाटीला माझा विरोध नाही, मान द्यायलाच हवा. पण पाटीवरून एवढंच कळतं की अमुक साली अमुक माणूस खुर्चीवर होता. त्या साली झाडं कुठली लावली, त्यांतली जगली किती, कुठल्या नाल्याचं तोंड कुणी बुजवलं, नगर परिषदेकडे कुठला अर्ज दिला आणि त्याचं पुढे काय झालं, हे पाटी सांगत नाही. म्हणून नवी मंडळी आली की श्रीगणेशापासून सुरुवात. तीच मोहीम, तीच जागा, तीच चूक.

आणखी एक. त्या पाट्यांवर बाईचं नाव शोधून बघा. रोटरीनं बायकांना सदस्य करून घ्यायला १९८९ साल उजाडलं. आपल्या पुण्यात रमाबाई रानड्यांनी सेवासदन १९०९ सालीच उभं केलं होतं. पण गावातल्या मंडळांत भाकऱ्या बडवणारे, रोपांना कळशीनं पाणी घालणारे हात अजूनही यादीबाहेरच असतात. सेवेचा इतिहास लिहायचा तर त्यांना आधी विचारायला हवं, कारण झाड जगलं का मेलं हे त्यांनाच ठाऊक असतं.

म्हणून लोणारच्या आणि इतरही गावांच्या मंडळांना माझं सांगणं आहे. एक साधी वही घाला, दोनशे पानी. पुढच्या बैठकीला तुमच्यातल्या सगळ्यात जुन्या माणसांना बोलवा. सत्काराची शाल पुढच्या वर्षी घाला, यंदा त्यांच्यासमोर पेन घेऊन बसा. आधी कुठलं काम केलं, कुठलं फसलं आणि कशानं फसलं, हे तारखेनिशी, नावानिशी लिहून घ्या. फसलेलं काम आवर्जून लिहा, यशाचं कुणीही लिहितं. नंतर दर रविवारी पाळीवर आलेल्यांची नावं, पाण्याची पातळी, काढलेल्या बाभळी आणि लावलेली रोपं, एवढ्या चारच ओळी त्याच वहीत येऊ द्या. बाबांचा खराटा आपल्याकडे आहेच. पाळीची सवय शेगावनं लावली आहे. वही तेवढी घालायची राहिली आहे, आणि तिला सरकारी मंजुरी लागत नाही. येत्या रविवारी सुरुवात करता येईल.